लॅशेस आठवड्यातच गळतात, मुळाशी पांढरं साचतं, डोळे खाजतात: नेमकं काय तपासायचं

तक्रार बहुतेक वेळा एकाच क्रमाने येते. लॅश एक्स्टेन्शन, म्हणजे पापणीच्या केसांना ग्लूने चिकटवलेले कृत्रिम केस, लावून घेतल्यावर चार-पाच दिवस झकास जातात. मग सकाळी डोळ्यांत चिपडं जास्त दिसू लागतात, पापणीच्या कडेला पांढरट कण अडकलेले असतात, संध्याकाळी खाज सुटते आणि आठ-दहा दिवसांत उशीवर, बेसिनमध्ये, गालावर लॅशेस पडलेल्या सापडतात. रिफिल करून, म्हणजे गळलेल्या जागी नव्या लॅशेस भरून आलं की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. असं दोन-तीनदा झालं की बाई पार्लर बदलते, तिथेही तेच होतं आणि शेवटी ती ठरवून टाकते की आपल्याला हे सूट होत नाही.

खरंच सूट होत नाही अशाही असतात, त्यांच्याबद्दल शेवटी लिहिलंय. पण लॅशेसचं काम करताना पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या या तक्रारीमागे बहुतेकदा एक अगदी साधं कारण निघतं. पापण्या धुतल्याच जात नाहीत. आळस म्हणून नाही, भीतीपोटी. धुता का असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, "अहो ताई, पाणी लावायचं नाही असंच सांगितलं होतं की!" सांगितलेलं असतं पहिल्या दिवसापुरतं आणि पाळलं जातं तीन आठवडे.

पहिल्या दिवसाचं पथ्य का, ते कळलं की भीती जाते. लॅशेसचा ग्लू सायनोअ‍ॅक्रिलेट जातीचा असतो. तो वाळतो म्हणजे त्यातलं पाणी उडून जातं असं नाही, उलट हवेतला ओलावा मिळाला तरच तो घट्ट होतो. म्हणजे पाण्याशी त्याचं वैर नाही. अडचण एवढीच की आतला ग्लू पुरता पक्का व्हायच्या आत भसकन पाणी किंवा वाफ लागली तर वरचा थर एकदम आवळून पांढरा आणि ठिसूळ होतो. हल्ली बऱ्याच जणी काम संपताना बारीक फवारा मारून ग्लू तिथेच पक्का करतात, काही जणी अजून चोवीस तास थांबायला सांगतात. कुठला ग्लू वापरलाय हे तुमच्या लॅश आर्टिस्टलाच माहीत, तेव्हा त्या पहिल्या दिवसापुरतं ती सांगेल ते ऐका. दुसऱ्या दिवसापासून धुणं चुकवायचं नाही.

गळलेली लॅश फेकू नका

उपायाच्या मागे लागण्याआधी पुरावा बघू. दोन-तीन दिवस गळतील त्या लॅशेस एका पांढऱ्या टिश्यूवर जमा करा, खिडकीजवळच्या उजेडात ठेवा आणि फोनचा कॅमेरा झूम करून बघा. कोणाला काही विचारायच्या आधी निम्मं उत्तर इथेच मिळतं.

लॅशला तुमचा स्वतःचा एक केस चिकटलेला असेल आणि त्या केसाच्या टोकाला फिकट, बारीकसा ठिपका दिसत असेल, तर ते मूळ आहे. तो केस त्याचं आयुष्य संपवून गळलाय, जाताना लॅश घेऊन गेला. यात कोणाचाच दोष नाही. वरच्या पापणीला साधारण ९० ते १५० केस असतात आणि त्यातले रोज एक ते पाच आपोआप गळतात. एका डोळ्याचे रोज दोन धरले तरी पंधरा दिवसांत तीस झाले. म्हणूनच रिफिल दोन-तीन आठवड्यांनी करतात. एरवी हे गळणं आपल्या नजरेत येत नाही. त्यावर काळी, लांब लॅश बसली की प्रत्येक केस दिसायला लागतो आणि जीव घाबरतो.

लॅश एकटीच असेल, बुडाशी ग्लूचा काळा ठिपका असेल पण तुमचा केस कुठेच नसेल, तर ग्लूने केसाला नीट धरलेलंच नाही किंवा धरलेलं सोडलंय. हे पहिल्या तीन दिवसांतच होत असेल तर चूक लावतानाची: केसावर तेल, मस्कारा किंवा सनस्क्रीन राहिलं होतं, ग्लू जुना होता, किंवा खोलीतली हवा त्या ग्लूला मानवणारी नव्हती. आठवडा उलटल्यावर असं होऊ लागलं तर बहुधा मुळाशी साचलेली चिकट घाण कारणीभूत असते.

केस मधेच तुटलेला, मूळ नाही, टोक वेडंवाकडं: हे ओढण्या-चोळण्याचं काम. एकाच डोळ्याच्या जास्त तुटत असतील तर झोपायची कूस बघा. आयलॅश कर्लरने चिमटा घेत असाल तर तो आजच कपाटात जाऊ दे.

चौथा प्रकार मला सगळ्यात जास्त खटकतो. लॅशच्या बुडाशी तुमचे दोन-तीन केस एकत्र चिकटलेले असतात. प्रत्येक केस वेगळ्या वेगाने वाढतो, त्यामुळे वाढणारा केस शेजाऱ्याला मुळापासून ओढत राहतो. दुखतं, खुपतं, आणि हे महिनोन्‌महिने चाललं तर त्या जागचे केस विरळ होतात. काम नीट झालंय की नाही हे घरीही कळतं. स्पूली, म्हणजे मस्काऱ्यासारखा ब्रश, मुळाजवळून हलका फिरवा. तो जागोजागी अडकत असेल तर केस एकमेकांना चिकटलेत. हे धुऊन सुटत नाही. परत जा आणि वेगळे करून मागा. लग्नसराईत तासाभरात "थ्रीडी लॅशेस" लावून देणारे तयार झुपके वापरतात आणि एकेक झुपका चार-पाच केसांवर एकदम बसवतात. त्या पैशात तेवढंच काम होतं, एवढं ओळखून असावं.

पांढरं दिसतंय ते काय आहे

"ग्लू सुटतोय" म्हणून फोटो पाठवले जातात, त्यात निदान तीन वेगळ्या गोष्टी असतात.

पहिल्या दिवसापासूनच काळ्या ग्लूवर राखाडी-पांढरी झाक असेल, ती सगळीकडे सारखी असेल, खाज नसेल आणि धुतल्यावरही जात नसेल, तर तो ग्लूच पांढरा पडलाय. पावसाळ्यात हे फार होतं. दिसायला वाईट, पण डोळ्याला त्याचा त्रास नाही.

चार-पाच दिवसांनी पिवळसर-पांढरे, चिकट किंवा कोंड्यासारखे कण दिसू लागले, एका नीट धुण्यात गेले आणि काही दिवसांत परत आले, तर ती साचलेली घाण आहे. या लेखातली बहुतेक पानं तिच्याच नावावर. बोअरवेलच्या किंवा टँकरच्या जड पाण्याचे क्षारही केसांवर पांढरे वाळतात, पण ते मुळाशी न राहता लांबीभर पसरलेले असतात. शेवटचा हात उकळून गार केलेल्या पाण्याचा दिला की ते थांबतात.

तिसरा प्रकार बारकाईने बघावा लागतो. तुमच्या स्वतःच्या केसाच्या अगदी मुळाशी, जिथे तो पापणीतून बाहेर येतो तिथे, केसाला बांगडी भरल्यासारखा एक पारदर्शक, मेणचट कडा असतो. एकाच केसाला नाही, ओळीने बऱ्याच केसांना. हे डेमोडेक्स नावाच्या सूक्ष्म किड्याचं लक्षण असतं. लांबी मिलिमीटरच्या एक तृतीयांशाच्या आसपास, नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. तो केसाच्या मुळात राहतो आणि मोठ्या माणसांपैकी कित्येकांच्या त्वचेवर थोड्या प्रमाणात असतोच, त्यामुळे शरम वाटायचं कारण नाही. संख्या वाढली की मात्र पापणी लाल होते आणि खाज सुटते, विशेषतः सकाळी. हे घरच्या धुण्याने पुरतं आटोक्यात येत नाही, डोळ्यांच्या डॉक्टरांचं काम आहे. टी ट्री ऑइल चांगलं असतं असं कुठेतरी वाचून ते तसंच्या तसं पापणीला लावणाऱ्या आहेत. कृपा करून असं करू नका. पातळ न केलेलं ते तेल डोळ्यात गेलं तर बुबुळाला इजा होते.

घाण साचते का

पापणीच्या कडेला, केसांच्या ओळीच्या अगदी मागे, तेलाच्या बारीक ग्रंथी असतात. वरच्या पापणीत तीसएक, खालच्या पापणीत त्याहून थोड्या कमी. त्यांचं तेल अश्रूंवर पातळ थर धरतं, म्हणून डोळा कोरडा पडत नाही. एरवी तोंड धुताना आपण नकळत ती कड पुसतो, जादाचं तेल आणि मेलेली त्वचा निघून जाते. लॅशेस लावल्यावर आपण तिथे हात लावायचं सोडतो, आणि केसांची दाटी दुप्पट-तिप्पट झालेली असते. तेल, सनस्क्रीन, कॉम्पॅक्ट पावडर, रस्त्यावरची धूळ, रात्रीचं क्रीम हे सगळं मुळाशी अडकतं. त्यावर जिवाणू पोसतात आणि पापणीची कड सुजते. डॉक्टर याला ब्लेफरायटिस म्हणतात. ग्रंथींची तोंडं बंद झाली की मग रांजणवाडी.

इथे एक सांगायचा मोह होतो. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी २२ सस्तन प्राण्यांच्या पापण्यांचे केस मोजले. केसांची लांबी डोळ्याच्या रुंदीच्या साधारण एक तृतीयांश असते, आणि त्याच लांबीला डोळ्यावरून वाहणारी हवा सर्वांत मंदावते, असं त्यांना दिसलं. त्यामुळे डोळा कमी सुकतो, धूळही कमी बसते. त्याहून लांब केस हवा उलट डोळ्याकडे वळवतात. आपल्या डोळ्याची रुंदी तीनेक सेंटिमीटर, म्हणजे हिशोब दहा मिलिमीटरच्या आसपास येतो. १५ मिलिमीटरचा डी कर्ल, म्हणजे जास्त वळणाची लांब लॅश, मागणाऱ्यांना मी हे सांगते. बऱ्याचदा ऐकत नाहीत, आणि नंतर स्कूटरवर डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात म्हणून फोन येतो. चष्मा असेल तर एवढी लांब लॅश काचेवर घासते, ती गोष्ट वेगळीच.

धुवायचं कसं

वेळ लागतो जेमतेम दोन मिनिटं. त्यातली खरी कामाची तीस सेकंदच असतात, आणि तीच बहुतेक जणी गाळतात.

काँटॅक्ट लेन्स असतील तर आधी काढा. हात साबणाने धुवा. डोळ्यांचा मेकअप केला असेल तर तो तेलविरहित रिमूव्हरने, टोकाला धागे न सुटणाऱ्या बडने काढा. कापसाचा बोळा नको. त्याचे तंतू लॅशेसमध्ये अडकतात, ते ओढताना लॅशही येते. मायसेलर वॉटर वापरायचं तर बाटली बघून घ्या. हलवल्यावर मिसळणाऱ्या दोन थरांच्या बाटलीत वरचा थर तेलाचा असतो.

मग लॅश फोम, म्हणजे पापण्या धुवायचा फेस. सौम्य, तेल नसलेला, वास नसलेला, पीएच अश्रूंच्या जवळचा, म्हणजे सातच्या आसपासचा. एक दाब फोम मऊ ब्रशवर घ्या. हा ब्रश फार मऊ हवा. नाक स्वच्छ करायला मिळतो तसला दाट, मऊ केसांचा चालतो.

डोळा मिटा. ब्रश आधी पापणीवर, मग केसांच्या ओळीवर, मुळापासून टोकाकडे, हलक्या हाताने फिरवा. आडवा घासू नका. इथपर्यंत सगळ्या जणी करतात. आता राहिलेलं करा. आरशासमोर हनुवटी थोडी वर करा, नजर खाली ठेवा, दुसऱ्या हाताचं बोट भुवईखाली ठेवून पापणी किंचित वर उचला. केस जिथून उगवतात ती कड आता उघडी दिसते. ब्रशचं नुसतं टोक त्या कडेवरून, आतल्या कोपऱ्यापासून बाहेरच्या कोपऱ्यापर्यंत छोट्या छोट्या झटक्यांनी न्या. घाण इथेच असते. फोम पिवळसर किंवा करडा झाला तर समजा बरोबर जागी पोचलात. पहिल्या वेळी तो रंग बघून बऱ्याच जणींचा चेहरा बघण्यासारखा होतो. मग केसांची खालची बाजू आणि खालची पापणी. एक-दोन लॅशेस ब्रशवर येतील. त्या तशाही गळणारच होत्या, धुण्याने गळल्या नाहीत.

नंतर साधं पाणी. ओंजळीने किंवा छोट्या पिचकारीच्या बाटलीने, डोळे मिटून, वरून खाली. शॉवरची धार थेट डोळ्यावर घेऊ नका. फोम पूर्ण निघेपर्यंत धुवा, ही पायरी घाईत उरकू नका. "फोमने डोळे झोंबतात" म्हणणाऱ्या निम्म्या जणींचा फोम चांगला असतो, धुणं अर्धवट असतं.

टिपताना टिश्यू खालून लावा, पुसू नका. टॉवेलचे फासे लॅशेस धरतात, म्हणून टॉवेल नको. मग मिनिटभर पंख्याखाली किंवा छोट्या हातपंख्याने वाळवा. हेअर ड्रायरची गरम हवा नको. या लॅशेस पीबीटी नावाच्या प्लास्टिकच्या असतात. "मिंक" म्हणून विकल्या जाणाऱ्याही बहुतेक त्याच. उष्णतेने त्यांचा कर्ल सरळ होतो. कुकरचं झाकण उघडताना तोंड बाजूला ठेवावं आणि गॅस पेटवताना वाकू नये, तेही यासाठीच. टोकं करपली की गुंता होतो आणि तो विंचरून सुटत नाही. वाळल्यावर स्पूलीने मधून टोकाकडे विंचरा, मुळात खुपसू नका.

किती वेळा? मेकअप, सनस्क्रीन, तेलकट त्वचा, घाम, रोजचा लोकलचा प्रवास यातलं काहीही असेल तर रोज रात्री. यातलं काहीच नसेल तर आठवड्यातून निदान तीन-चारदा. पोहायला जात असाल तर पूलमधून आल्यावर लगेच.

ब्रशही धुवायचा आणि बाथरूमच्या ओलाव्यात नाही, खोलीत उघड्यावर वाळवायचा. पावसाळ्यात ओल्या मगमध्ये पडून राहिलेल्या ब्रशला बुरशी लागते, आणि तोच रात्री डोळ्यावर फिरतो. महिना-दोन महिन्यांनी नवा घ्या. फोमच्या बाटलीवर उघड्या डबीचं चिन्ह असतं, त्यातल्या आकड्याइतके महिने उघडल्यानंतर ती चालते. मोठ्या कॅनमधून पाणी घालून भरलेल्या, लेबल नसलेल्या बाटल्या विकत घेऊ नका. साध्या पाण्यात पातळ केल्यावर त्यातलं प्रिझर्व्हेटिव्हही पातळ होतं आणि बाटलीतच जिवाणू वाढतात.

बेबी शॅम्पूबद्दल रोज कोणीतरी विचारतं. एखाद्या दिवशी फोम संपला म्हणून वापरलात तर काही बिघडणार नाही. रोजसाठी मी सांगत नाही, त्यात वास असतो, काहींत केस मऊ करणारे घटक असतात आणि त्यांचा थर मुळाशी राहतो.

काजळ, तेल आणि हळदीचा दिवस

काजळ हा आपल्याकडचा खास प्रश्न आहे. परदेशी सूचनापत्रकांत तो नसतोच. काजळात मेण आणि तेल असतं, बऱ्याचदा एरंडेल. पापणीच्या आतल्या कडेवर ते लावलं की तेलग्रंथींच्या तोंडावरच बसतं, दुपारी वितळून लॅशेसच्या मुळाशी येतं आणि रात्री काढताना चोळावं लागतं. वरच्या पापणीचं काजळ लॅशेस असेपर्यंत बंद करा. लॅशेसमुळे ती कड काळीच दिसते, त्याची गरजही उरत नाही. खालचं सोडवत नसेल तर केसांच्या बाहेरून बारीक रेघ ओढा आणि रात्री ती धुतल्याशिवाय झोपू नका.

तेलाने ग्लू विरघळतो असं सगळीकडे सांगतात. माझ्या मते हे जरा वाढवून सांगितलेलं आहे. पक्का झालेला सायनोअ‍ॅक्रिलेट तेलाच्या एका थेंबाने सुटला असता तर लॅशेस काढायला खास रिमूव्हर लागला नसता. तेलाचं खरं नुकसान दुसरं. मुळाशी त्याचा थर राहतो, त्यावर घाण बसते, आणि रिफिलच्या दिवशी नवा ग्लू त्या केसाला नीट धरतच नाही. म्हणजे रविवारी डोक्याला खोबरेल लावून चंपी केली, ते उशीवरून पापण्यांना लागलं, तर आकाश कोसळत नाही, सकाळी फोमने धुवा. पण रिफिलच्या आदल्या रात्री तेल नको, आणि लॅशेस वाढाव्यात म्हणून रात्री एरंडेल लावत असाल तर ते आधी थांबवा. दिवाळीच्या अभ्यंगाचंही तेच, तेल-उटणं कपाळापर्यंत ठेवा.

लग्नाच्या मुलींची गोष्ट वेगळी. बरेचदा लॅशेस हळदीच्या आधी लावलेल्या असतात. मग हळदीला आत्या, मावश्या, काकू, सगळ्या जणी तेल घातलेली हळद हौसेने तोंडभर फासतात, डोळ्यांत जाते, मुलगी चोळते. दुसऱ्या दिवशी मांडवात एका डोळ्याच्या लॅशेस विरळ. त्यावर होमाचा धूर आणि पाठवणीचं रडणं. तेव्हा क्रम असा ठेवा: दीड-दोन महिने आधी एकदा लावून बघा, काही त्रास होतो का ते तेव्हाच कळेल. लग्नासाठीच्या लॅशेस हळद झाल्यावर, नीट धुतलेल्या पापण्यांवर. हळद आणि लग्न लागूनच असेल आणि वेळ मिळत नसेल तर लॅशेस आधी लावा, पण एका खमक्या बहिणीला हळदीच्या पाटाशेजारी उभी करा. कपाळ, गाल, हात, पाय. डोळ्यांजवळ कोणी नाही.

हवेचा भाग

नीट धुताय, केस वेगवेगळे आहेत, तेल नाही, तरी पहिल्या तीन दिवसांत एकट्या लॅशेस गळतायत: मग लॅश आर्टिस्टला हवेबद्दल विचारा. या ग्लूंना साधारण ४५ ते ६० टक्के आर्द्रता आणि विशीतलं तापमान लागतं. मुंबई-ठाण्यात जुलैत आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते, तेव्हा ग्लू केसाला टेकायच्या आधीच आवळतो. नागपूर-अकोल्यात उन्हाळ्यातल्या दुपारी ती २० टक्क्यांच्या खालीही जाते, तेव्हा ग्लू फार वेळ ओलाच राहतो, शेजारच्या केसांना चिकटतो आणि वाफा डोळ्यांत झोंबतात. म्हणून हवेप्रमाणे ग्लू बदलावा लागतो. खोलीत आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र आहे का आणि ग्लूची बाटली कधी उघडली, एवढे दोन प्रश्न पुरतात. उघडलेली बाटली महिना-दीड महिन्यात बदलायची असते. यावर जी चिडेल तिच्याकडे पुन्हा जाऊ नका.

धुऊनही थांबत नसेल तर

दोन आठवडे नीट धुऊनही खाज तशीच असेल, तर तो स्वच्छतेचा प्रश्न नाही.

लॅशेस लावल्यावर काही तासांत ते दोन दिवसांत दोन्ही पापण्या सुजल्या, खूप खाज आली, पण घाण किंवा पू नाही: ही ग्लूची अ‍ॅलर्जी असू शकते. ती वर्षभर व्यवस्थित लॅशेस वापरल्यावरही अचानक येते आणि एकदा आली की पुढच्या वेळी बहुधा जास्त जोरात येते. "सेन्सिटिव्ह ग्लू वापरू" म्हणतील, पण त्यातले बहुतेक सायनोअ‍ॅक्रिलेटच असतात. अ‍ॅलर्जी असेल तर लॅशेस काढायच्या आणि पुन्हा लावायच्या नाहीत, यात मधला मार्ग मी सांगणार नाही. लॅश लिफ्टमध्ये, म्हणजे स्वतःच्याच पापण्यांना वळण देण्यात, वेगळी रसायनं असतात, ती डॉक्टरांना विचारून आणि आधी कानामागे चाचणी करून बघता येईल.

फक्त लावून घेतानाच झोंबलं, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर लाल रेघा आल्या आणि दुसऱ्या दिवशी गेल्या, तर डोळा किंचित उघडा राहून वाफ लागली असेल किंवा खालचं पॅड बुबुळाच्या बाजूला टोचलं असेल. पुढच्या वेळी आधीच सांगा, पॅड नीट लावता येतं.

दुखतंय, उजेड सहन होत नाही, धूसर दिसतंय, पू येतोय, किंवा एकच डोळा सुजलाय: लॅश आर्टिस्टला फोटो पाठवण्यात वेळ घालवू नका, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. मेडिकलवाल्याला विचारून थेंब आणू नका, घरात उरलेले वापरू नका. त्यातल्या कित्येक थेंबांत स्टेरॉइड असतं. त्याने लाली लगेच उतरते, बरं वाटतं, पण बुरशीचा किंवा नागिणीच्या जातीचा संसर्ग असेल तर तो आत बळावतो, आणि असे थेंब लांबवल्याने डोळ्याचा दाबही वाढतो. गुलाबपाणीही डोळ्यात नको, ते निर्जंतुक नसतं.

डोळे आले असतील तर लॅशेसचं कसलंही काम होत नाही, रिफिलही नाही. २०२३ च्या जुलैत आळंदी-पुण्याकडे डोळ्यांची साथ पसरली, तेव्हा कितीतरी जणी चष्मा लावून "फक्त भरून द्या" म्हणत यायच्या. चिमटे, ब्रश, उशी यांवरून ते पुढच्या बाईला जातं. अशा वेळी हो म्हणणारी आर्टिस्ट इतर वेळीही चिमटे धुते का, याची मला शंका येईल. मोतीबिंदू किंवा लेसिकचं ऑपरेशन ठरलं असेल तर तेही बुकिंगच्या वेळी सांगा, लॅशेस त्याआधी काढाव्या लागतात.

काढायची वेळ आलीच तर घरी ओढून काढू नका. एकेक ओढलेली लॅश तुमचा केस मुळासकट घेऊन येते आणि तो पुन्हा पूर्ण लांबीचा व्हायला दीड-दोन महिने सहज जातात. नेलपेंट काढायचं अ‍ॅसिटोन तर डोळ्याजवळ आणूच नका. पार्लरमध्ये घट्ट, न ओघळणारा रिमूव्हर लावून डोळे मिटलेले ठेवतात, दहा-पंधरा मिनिटांत लॅशेस घसरून निघतात. रांजणवाडी, ब्लेफरायटिस किंवा डेमोडेक्समुळे काढत असाल तर त्याबरोबर जुना मस्कारा, काजळाची कांडी, ब्रश आणि स्पूलीही टाकून द्या, उशीचा अभ्रा गरम पाण्यात धुवा, आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत नवी वेळ घेऊ नका.